इकॉनॉमायझर बसवला, पण आधी कंडेन्सेट आणा

इचलकरंजीतल्या आमच्या प्रोसेस हाऊसच्या (कापड रंगवायच्या कारखान्याच्या) तीन टनी, म्हणजे तासाला तीन टन वाफ देणाऱ्या बॉयलरला गेल्या वर्षी इकॉनॉमायझर बसवून घेतला. चिमणीकडे वाया जाणाऱ्या धुराच्या उष्णतेवर बॉयलरला जाणारं पाणी तापवायचा हा नळ्यांचा संच. पाचपैकी साडेतीन तारे. कंपनीचं नाव लिहीत नाही.

चिमणीकडे जाणारा धूर 230 अंशांवर असायचा, तो आता 165 च्या आसपास असतो. धूर साधारण 22 अंशांनी उतरला की 1 टक्का इंधन वाचतं, म्हणजे आमचं 3 टक्के. ब्रिकेटचे (भुसा वगैरे दाबून केलेल्या इंधनविटांचे) भाव बघता कमी नाही. कंपनीचा इंजिनिअर 130 पर्यंत उतरवून देतो म्हणत होता. आम्ही नको म्हटलं. धूर आणि पाणी यांच्या तापमानातलं अंतर जसं कमी होतं तशा नळ्या वाढत जातात, आणि शेवटच्या थोड्या अंशांचं बिल सगळ्यात मोठं येतं. शिवाय पावसाळ्यात ब्रिकेट ओली झाली की आम्ही कोळशावर जातो. कोळशातल्या गंधकाचं आम्ल गार नळीवर धरलं की नळी गेलीच.

फिनच्या (बाहेरून पातळ पत्र्याच्या चकत्या बसवलेल्या) नळ्या स्वस्त पडत होत्या, जागाही कमी घेणार होत्या. पण ब्रिकेटची राख त्या फटींत बसली की काढणार कोण? साध्या नळ्या घेतल्या. सुट्टीच्या दिवशी अटेंडंट दार उघडून ब्रश मारतो, विषय संपला.

तारे कापले ते पंपापायी. आमचा फीड पंप, म्हणजे बॉयलरला पाणी देणारा पंप, चालू-बंद पद्धतीचा. पंप थांबला की इकॉनॉमायझरमधलं पाणी जागच्या जागी तापून उकळायचं, आणि पंप परत सुरू होताच धाडकन दणका. फ्लँजच्या गॅस्केटमधून वाफ सुटायला लागली. पाणी सतत, कमीजास्त प्रमाणात सोडणारा व्हॉल्व्ह हवा होता. तो कोटेशनमध्ये नव्हता. नंतर ‘एक्स्ट्रा’ म्हणून आला. ऑर्डर देण्याआधी हे लेखी विचाराच.

खरी कमाई मात्र दुसरीकडेच झाली. कापड रंगवायच्या जेट मशीनच्या कॉइलमधलं कंडेन्सेट, म्हणजे वाफेचं झालेलं गरम पाणी, आमच्याकडे वर्षानुवर्षं गटारात जात होतं. इकॉनॉमायझरच्या आधी ते लाइन टाकून बॉयलरच्या पाण्याच्या फीड टाकीत आणलं, स्टीम ट्रॅप (वाफ अडवून फक्त पाणी सोडणारे व्हॉल्व्ह) बदलले, पाइपांना लॅगिंग (उष्णता राखणारं आवरण) केलं. टाकीतलं पाणी 32 वरून 80 अंशांवर गेलं. दर 6 अंशांना साधारण 1 टक्का धरा, म्हणजे 8 टक्के, आणि खर्च इकॉनॉमायझरच्या निम्म्याहूनही कमी. पाण्याचा जडपणा काढणाऱ्या सॉफ्टनरचं मीठ वाचलं ते वेगळंच. फक्त कॉइल फुटली तर रंगाचं पाणी थेट बॉयलरकडे निघतं, म्हणून परतीच्या लाइनवर टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजणारा मीटर लावा. आकडा चढला की ते पाणी बाहेर सोडायचं.

आयबीआरचे, म्हणजे बॉयलरच्या सरकारी नियमांचे, कागद मालासोबतच आले, कुणाच्या मागे धावावं लागलं नाही. अर्धा तारा त्याचा.