चेहऱ्याची कांती मोजायची: मार्क की स्लायडर?
मावसबहीण प्रोजेक्टसाठी अडलीये, लोकांना कुठली कांती आवडते ते मोजायचं कसं. चेहऱ्यांच्या फोटोंना १ ते ७ मार्क द्यायला लावणं स्वस्त, फोनवरही होतं, पण माणसं मार्क रंगाला देतात की नाकाडोळ्यांना हे कळतच नाही. स्लायडरमध्ये (स्क्रीनवरची सरकपट्टी) फोटो तोच, फक्त पट्टी सरकवून रंग कमीजास्त करायचा. मेहनत जास्त, स्क्रीन कॅलिब्रेट करावीच लागते (म्हणजे रंग अचूक दिसतील अशी लावून घ्यायची), पण उत्तर थेट रंगाच्या आकड्यात मिळतं. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठातल्या अशा प्रयोगात (२००९) चेहरा निरोगी दिसावा म्हणून लोकांनी उजळपणाच नाही तर लाली नि पिवळसर झाकही वाढवली, गोरेपणाचं वेड असलेल्या आपल्याकडे हे मोजायलाच हवं! घाईतला मोठा सर्व्हे असेल तर मार्क, नेमका रंग शोधायचा तर स्लायडरच, त्यात माणसं कमी असली तरी चालतील.