बनाना पेस्टल, हेट क्लाऊन बॉल पायथन: काही महिने पाळल्यानंतर

रंगाला पाचपैकी तीन, स्वभावाला पाच. स्वभावाचे गुण मात्र मॉर्फच्या, म्हणजे बनाना, पेस्टल अशा जीनमुळे आलेल्या रंग-नक्षीच्या, खात्यात धरू नका. बॉल पायथन हा अजगर मुळातच शांत असतो, त्यासाठी जादा डॉलर मोजायचं कारण नाही.

जाहिरातीतला फोटो बहुतेक वेळा पहिली कात टाकल्यावर लगेच काढलेला असतो. पेस्टलचा तेव्हाचा लख्ख पिवळा रंग वाढीबरोबर मळतो, तपकिरी झाक येते. बनानाचा पिवळा त्यामानाने टिकतो, पण अंगावर काळे ठिपके उगवतात आणि वाढतच जातात. तो आजार नव्हे, या जीनचा स्वभावच तो. ठिपके नको असतील तर पाइड मॉर्फ घ्या, त्याचा पांढरा भाग मोठेपणीही पांढराच राहतो. कोणताही मॉर्फ घेताना पिल्लापेक्षा त्याच्या आईबापांचे आताचे फोटो मागवा.

पुढे पैदास करायची असेल तर बनाना नराबद्दल एक प्रश्न हमखास विचारावा: बनाना आईकडून आला की बापाकडून? हा जीन लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रांवर आहे. बापाकडून आला असेल तर त्या नराची बनाना पिल्लं जवळजवळ सगळी नरच निघतात, आईकडून आला असेल तर माद्या. ज्याला माद्या हव्यात त्याचा इथे पुरता पोपट होतो. मादी बनाना असेल तर हा घोळ नाही.

‘हेट क्लाऊन’ म्हणजे क्लाऊन जीनची एकच प्रत असलेला साप. ती अंगावर दिसत नाही, म्हणजे आपण शब्दाला पैसे देतो. क्लाऊन रिसेसिव्ह आहे, म्हणजे आईबाप दोघांकडून जीन आला तरच तो दिसतो. आई किंवा बाप स्वतः क्लाऊन असेल तरच पिल्लू शंभर टक्के हेट. ‘६६ टक्के हेट’ हे दोन हेटच्या जोडीतलं क्लाऊन न दिसणारं पिल्लू, ते हेट असण्याची शक्यता ६६ टक्के. अशी दोन घेऊन जोडी लावली तर दोघंही खरोखर हेट असण्याची शक्यता जेमतेम ४४ टक्के. आणि दोघं पक्के हेट असले तरी सहा अंड्यांत एकही क्लाऊन न निघण्याची शक्यता सुमारे १८ टक्के. मादी साधारण १५०० ग्रॅमची होईपर्यंत थांबायचं, हा हिशेब वेगळाच. क्लाऊनसाठी आता कातीवरून डीएनए चाचणी होते, ती करून न देणाऱ्याला हेटचा भाव देऊ नये.

स्पायडर मॉर्फ कितीही स्वस्त मिळाला तरी नको. त्याच्या आतल्या कानाची घडणच बिघडलेली असते, हे २०२२ मधल्या सीटी स्कॅनच्या अभ्यासात दिसलं. डोकं कलतं, मान पिळते, भक्ष्यावरचा नेम चुकतो. बंबलबी म्हणजे स्पायडर अधिक पेस्टल, त्यामुळे नावाला भुलू नका. शॅम्पेनमध्येही असाच तोल जातो. सुपर सिनॅमनमध्ये चपटं तोंड आणि वाकडा कणा, तर डेझर्टच्या माद्या पैदाशीला निकामी. घेण्याआधी साप हलतानाचा आणि खातानाचा व्हिडिओ मागवाच.

अमेरिकेतून भारतात परतणाऱ्यांसाठी: हा साप साइट्स या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहे. परवान्यांशिवाय नेता येत नाही, आणि भारतात पाळायचा तर २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते.