'हार्ट ऑफ द वेस्ट' : १९ पैकी पाच गोष्टींसाठी

अमेरिकन कथाकार ओ. हेन्री म्हटलं की आपल्याला न्यूयॉर्कच्या भाड्याच्या खोल्या आणि भिंतीवरच्या वेलीचं शेवटचं पान आठवतं. १९०७ साली आलेला त्याचा 'हार्ट ऑफ द वेस्ट' हा संग्रह मात्र टेक्सासचा आहे. मेंढवाडे, निवडुंगाची रानं, सीमेवरचा पूल, फरारी गुन्हेगार आणि त्यांच्या मागावरचे रेंजर, म्हणजे टेक्सासचे राज्य पोलीस. मुखपृष्ठावरचा घोडा-पिस्तूल पाहून घेणाऱ्यांनी एक हिशेब आधी करावा. १९ गोष्टींपैकी दरोडेखोर आणि कायदा यांच्याशी थेट संबंध असलेल्या पाचच आहेत. उरलेल्या बहुतेक गोष्टी गुराख्यांच्या प्रेमाच्या आणि विनोदाच्या असून त्यातल्या काही आज बेचव लागतात. तरी त्या पाचांसाठी पुस्तक घ्यावंच.

पहिल्या पानापासून सुरुवात करू नका, थेट अकरावी गोष्ट काढा : 'द कॅबलेरोज वे'. सिस्को किड हे पात्र जन्मलं ते इथे. पुढे सिनेमांनी त्याला दिलदार, हसरा मेक्सिकन नायक करून टाकलं. मूळ गोष्टीतला किड पंचविशीचा थंड डोक्याचा खुनी आहे, आणि आडनाव गुडॉल म्हणजे तो मेक्सिकनही नाही. सिनेमातला किड डोक्यात ठेवून वाचलं तर गोष्ट हातातून निसटते.

कथेची बांधणी बघण्यासारखी आहे. राज्याचा ॲडज्युटंट जनरल, म्हणजे रेंजरांचा वरचा साहेब, लारेडोच्या रेंजर कॅप्टनला खोचक पत्र लिहितो, कॅप्टन त्यावर स्वतःचे चार शेरे मारून ते खाली लेफ्टनंट सँड्रिजकडे ढकलतो, लेफ्टनंट पत्र खिशात घालून मिशीची टोकं चावतो. कायदा कसा हलतो ते मोजक्या ओळींत येतं. मग फ्रिओ नदीकाठची झोपडी, तिथली किडची प्रेयसी टोनिया, आणि सँड्रिजचे वाढत जाणारे फेरे. सगळी गाठ बसते ती एका पत्रावर. किडने लपून काय ऐकलं हे लेखक वाचकाला आधीच दाखवतो, त्यामुळे पत्र वाचताना सगळं समोर असतं, तरी आपण सँड्रिजसारखेच फसतो. शेवट इथे सांगत नाही. वाचून झाल्यावर ते पत्र तेवढं पुन्हा वाचा, कारण धक्का त्याच्या शब्दयोजनेत आहे. बंदुकीला फार काम उरत नाही.

याच गोष्टीत निवडुंगाच्या रानातून किडचा घोडा वाट काढतो तो भाग आहे. इंग्रजीत तिथे 'पेअर' असा शब्द येतो. त्याला फळबाग समजू नये, तो फड्या निवडुंग आहे. त्यात वाट चुकलेल्या माणसाची काय गत होते हे लेखक इतकं नेमकं सांगतो, कारण त्याने तो मुलूख पाहिला होता. १८८२ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, तब्येतीसाठी तो टेक्सासच्या ला सॅल काउंटीतल्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) मेंढवाड्यावर जाऊन राहिला. तो मेंढवाडा सांभाळणाऱ्या हॉल कुटुंबातला ली हॉल हा रेंजर दलाचा माजी कॅप्टन. कथेतल्या न्यूएसेस आणि फ्रिओ या दोन्ही नद्या त्याच काउंटीतून वाहतात.

वाचण्याआधी हुद्दे डोक्यात पक्के असू द्यावेत, नाहीतर कोण कोणाला धरू शकतो हे कळत नाही. मार्शल हा गावाचा पोलीस अधिकारी, शेरीफ काउंटीचा, निवडून आलेला, रेंजर राज्याचा, त्याला काउंटीची हद्द आडवी येत नाही. यू. एस. मार्शल केंद्राचा, म्हणून टपाल लुटलं की प्रकरण त्याच्याकडे जातं. रिओ ग्रांदेच्या पलीकडे मेक्सिको, तिथे यांच्यापैकी कोणाचंच चालत नाही. आठव्या 'ॲन आफ्टरनून मिरॅकल'मध्ये रेंजर पुलाच्या अमेरिकन टोकावर उकाड्यात का बसलेत ते यावरून उमगतं. या गोष्टीतला बॉब बकली हा रेंजर मनातून घाबरट आहे आणि ती भीती मोडायला स्वतःला मुद्दाम संकटात लोटतो. त्याच्या भीतीचं वर्णन उत्तम, शेवट योगायोगावर टेकलेला.

एकोणिसाव्या 'द रिफॉर्मेशन ऑफ कॅलिओप'मध्ये गावगुंड आणि मार्शल यांच्यातला फरक छातीवरच्या बिल्ल्यापुरता उरतो, तेही गुंडाची आई आगगाडीतून उतरल्यामुळे. गोड आहे, पण पहिल्या अर्ध्या भागातला गोळीबार चोख. अठरावी 'अ चॅपरल प्रिन्स' ही फ्रेडरिक्सबर्गच्या जर्मन वस्तीतली, अकरा वर्षांच्या मोलकरीण मुलीची आणि टपालगाडी अडवणाऱ्या टोळीची. चौदावी 'अ कॉल लोन' बँकेच्या तपासनीसापासून सुरू होऊन रेल्वे लुटीच्या उंबरठ्यापर्यंत जाते. हा लेखक स्वतः ऑस्टिनच्या बँकेत कॅशियरच्या खिडकीत बसलेला आणि अफरातफरीच्या गुन्ह्यात १८९८ ते १९०१ ओहायोच्या तुरुंगात राहिलेला. तपासनीस टेबलाशी येतो तेव्हाची धडधड त्यामुळेच खरी वाटते.

मोठा दोष एक. मेक्सिकन माणसांचे जीव या गोष्टींत मोजले जात नाहीत. किडच्या बळींची संख्या सांगताना 'बहुतेक मेक्सिकन' असं लेखक जाता जाता म्हणतो, आणि त्यांच्यासाठी शिवीवजा शब्द सर्रास वापरतो. काळच तसा होता म्हणून ते सोडून देता येत नाही. टोनियाच्या वाट्याला जे येतं त्याचा या नजरेशी संबंध आहे.

आवृत्तीबद्दल. लेखक १९१० मध्ये गेला, मजकुरावर आता कोणाचा हक्क नाही, प्रोजेक्ट गुटेनबर्ग या ई-पुस्तकांच्या संकेतस्थळावर तो फुकट मिळतो. छापील हवी असेल तर अनुक्रमणिका तपासा : पहिली 'हार्ट्स अँड क्रॉसेस', शेवटची 'कॅलिओप', मध्ये मोजून १९. स्वस्त पुनर्मुद्रणं अनेकदा स्कॅनवरून केलेली असतात. त्यात स्पॅनिश शब्दांवरच्या खुणा गळतात आणि संवादाची अवतरणचिन्हं नाहीशी होतात, मग कोण बोलतंय ते समजत नाही. एक पान उघडून संवाद वाचून पाहिला की कळतं. झोपडीसाठी येणारा स्पॅनिश शब्द 'जकाल' नव्हे, 'हकाल' असा वाचायचा.

दरोडेखोरांसाठीच वाचत असाल तर त्याच्या दोन गोष्टी या संग्रहाबाहेर शोधाव्या लागतील. 'होल्डिंग अप अ ट्रेन' ही 'सिक्सेस अँड सेव्हन्स' (१९११) मध्ये आहे. तुरुंगातला त्याचा सोबती, खराखुरा रेल्वे लुटारू अल जेनिंग्ज याने पुरवलेल्या माहितीवर ती बेतली आहे. दुसरी 'द रोड्स वी टेक', 'व्हर्लिगिग्ज' (१९१०) मधली : ॲरिझोनातल्या टूसॉनच्या पश्चिमेला वीस मैलांवर गाडी पाणी भरायला थांबते, लूट होते, आणि पळताना दोन माणसांत घोडा एकच उरतो.