घरपोच कॉर्टिसॉल तपासणी: पॅकेजमधलं काय घ्यावं, काय सोडावं

घरी येऊन रक्त नेणाऱ्या बऱ्याच लॅबच्या यादीत ‘स्ट्रेस’ किंवा ‘हार्मोन’ पॅकेज असतं आणि त्यात सकाळचं कॉर्टिसॉल, म्हणजे मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींतून येणारं स्टेरॉइड हार्मोन. कुशिंग सिंड्रोमची (कॉर्टिसॉल किंवा तसंच स्टेरॉइड शरीरात बराच काळ जास्त राहिल्याने होणारा आजार) शंका असेल तर ते घेऊ नका. कॉर्टिसॉल सकाळी चढतं, मध्यरात्री तळाला जातं. कुशिंगमध्ये बिघडतं ते हे रात्रीचं उतरणं. सकाळचा आकडा कित्येकदा नॉर्मलच असतो. पैसे जातात आणि खोटा दिलासा मिळतो, तो वेगळाच.

डॉक्टरांकडून लिहून घ्यायची ती १ मि.ग्रॅ. डेक्सामेथासोन सप्रेशन टेस्ट. रात्री ११ ते १२ च्या दरम्यान गोळी (०.५ मि.ग्रॅ.च्या असतील तर दोन), सकाळी ८ ते ९ मध्ये रक्त. डेक्सामेथासोन हेही एक स्टेरॉइडच; त्यामुळे पिट्युटरी (अ‍ॅड्रिनलला कॉर्टिसॉल बनवायला सांगणारी मेंदूखालची ग्रंथी) गप्प बसते आणि निरोगी माणसाचं कॉर्टिसॉल सहसा १.८ मायक्रोग्रॅम/डेसिलिटरच्या खाली येतं. स्वस्त, सुटसुटीत, आमच्या मते पहिली पसंती. मात्र घरपोच सेवा इथेच दोनदा घसरते. माणूस साडेदहाला उगवतो, हे एक. दुसरं जास्त वाईट: रिपोर्टवर शेजारी नेहमीची सकाळची रेंज छापलेली असते. आकडा ६ आला तर कागद म्हणतो नॉर्मल, प्रत्यक्षात टेस्ट पॉझिटिव्ह असते. गोळी घेतल्याची नोंद नमुन्याच्या फॉर्मवर करून घ्या.

इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी आकडा खोटाच वाढतो. फिटची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन किंवा टीबीची रिफाम्पिसिन चालू असेल तर डेक्सामेथासोन शरीरात लवकर संपतं. निकाल तेव्हाही फसवा. बुकिंग घेताना हे विचारणारी लॅब चांगली समजा. यातलं काहीही परस्पर बंद मात्र करू नका.

२४ तासांच्या लघवीतल्या कॉर्टिसॉलची तपासणी कटकटीची, पण उपयोगी. सकाळची पहिली लघवी टाकायची, नंतरची प्रत्येक कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशीची पहिलीसुद्धा. एखादी राहिली की आकडा कमी येतो, म्हणून लघवी पूर्ण जमली का ते कळायला सोबत क्रिएटिनिन हवंच. रात्री उशिराच्या लाळेची टेस्ट मिळाली तर उत्तम. त्याआधी ब्रश, मिश्री, तंबाखू, ज्येष्ठमध नको. हिरड्यांतून रक्त येत असेल तर नमुना बाद. रात्रपाळीवाल्यांना ही टेस्ट लागू पडत नाही. लघवी किंवा लाळ, जे निवडाल ते दोनदा तरी तपासावं लागतं.

या सगळ्याआधी घरातली औषधं तपासा, कारण कुशिंगचं सर्वांत मोठं कारण बाहेरून आलेलं स्टेरॉइड. गोरेपणासाठी लावलेलं क्लोबेटासॉलचं मलम, सांधेदुखीची बिननावाची पुडी, दम्याच्या गोळ्या, सगळं डॉक्टरांपुढे ठेवा. अशा वेळी चेहरा गोल, अंगावर बोटभर रुंद जांभळे वण आणि रक्तातलं कॉर्टिसॉल मात्र तळाला, असं उलटं चित्र दिसू शकतं. बरेच दिवस घेतलेलं स्टेरॉइड एकदम थांबवलं तर झोपी गेलेली अ‍ॅड्रिनल ग्रंथी वेळेवर जागी होत नाही; बीपी कोसळून जिवावर बेततं. डोस डॉक्टरच हळूहळू उतरवतील.