काटा पुढे, गाडी मागेच

टायर आणि रिम बदलून ‘आधी आणि नंतर’चा व्हिडिओ दाखवणारा विक्रेता भेटला, तर त्याला आधी विचारा की वेग मोजला कशावर. डॅशबोर्डवरच्या काट्यावर मोजला असेल तर तिथूनच नमस्कार करून निघा. मला ज्या युक्तीने टोपी घातली गेली, तिची गंमत अशी की विक्रेत्याला फारसं खोटं बोलावंच लागत नाही. काटा त्याच्या वतीने बोलतो.

माझी गाडी फ्रंट-व्हील ड्राइव्ह, मूळ टायर 205/55 आर16 (रुंदी 205 मि.मी., रिम 16 इंची). मला दोन गोष्टी हव्या होत्या: वळणावर गाडी घट्ट राहावी, आणि अधूनमधून ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीच्या पट्ट्यावर, नेतो तेव्हा सुटताना चाकं जागच्या जागी फिरू नयेत. विक्रेत्याने दोन्हीवर एकच उतारा काढला. 17 इंची, 8 इंच रुंद ‘फोर्ज्ड’ (ओतून नव्हे, दाबून घडवलेली, म्हणून हलकी) रिम आणि त्यावर ‘ड्रॅग स्पेशल’ 215/40 आर17. “साहेब, रिम मोठी, टायर रुंद, वजन कमी. अजून काय पाहिजे?” जुन्या टायरवर 0 ते 100 चा व्हिडिओ त्याने आधीच काढून ठेवला होता. नवे चढवल्यावर पुन्हा काढला. काटा 100 वर चांगलाच लवकर पोचला. डोळ्यांनी बघितलं, पैसे दिले.

आता हिशेब. 205/55 आर16 मध्ये साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, 205 च्या 55 टक्के, म्हणजे 112.75 मि.मी. वरची आणि खालची मिळून 225.5, त्यात रिमचे 406.4 मिळवा: चाकाची उंची सुमारे 632 मि.मी. नव्या 215/40 आर17 ची साइडवॉल 86, रिम 431.8, एकूण सुमारे 604. रिम इंचाने वाढली, पण अख्खं चाक 28 मि.मी.ने लहान झालं. रिम मोठी दिसते म्हणून चाकही मोठंच असणार असं नजर ठरवून टाकते, आणि सगळा धंदा त्या नजरेवर चालतो.

गाडीचा संगणक चाकाचे फेरे मोजतो. चाक लहान झालंय हे त्याला कोण सांगणार? त्यामुळे काटा 100 दाखवतो तेव्हा गाडी प्रत्यक्षात तेवढ्याच वेगात असते, ज्याला जुन्या चाकांवर तोच काटा साडेपंच्याण्णव म्हणाला असता. दुसऱ्या व्हिडिओत घड्याळ ताशी साडेचार किलोमीटर आधीच थांबलं होतं, आणि शंभराच्या जवळचे हेच किलोमीटर सगळ्यात सावकाश चढतात. त्यात बहुतेक स्पीडोमीटर मुळातच थोडा वेग वाढवून दाखवतात. कमी दाखवायला नियमाची मनाई आहे, जास्त दाखवायला ठरावीक मर्यादेपर्यंत सूट आहे. फोनचं जीपीएस शेजारी ठेवलं की दोन्ही फरक एकदम उघडे पडतात.

चाक लहान केलं की जोर वाढतो, हे मात्र खरं आहे. गिअरिंग साडेचार टक्क्यांनी आखूड केल्यासारखा तो परिणाम होतो. म्हणून गाडी हाताला चपळ लागते आणि तो भास नसतो. पण जागेवरून सुटताना अडचण जोराची नसते, पकडीची असते. पकड संपली असेल तर वाढीव जोर रबर जाळण्यापलीकडे काही करत नाही. शिवाय प्रत्येक गिअर लवकर संपतो, आणि शर्यतीत एक गिअर जास्त बदलावा लागला की मिळवलेलं तिथेच जातं.

ड्रॅग स्ट्रिपला काट्याशी देणंघेणं नसतं. तिथे प्रकाशाचे किरण लावून अंतर मोजतात: पाव मैल म्हणजे 402 मीटर, आणि पहिल्या 60 फुटांची वेळ वेगळी. तिथे मिळालेल्या वेळेच्या चिठ्ठीवर पहिल्या 60 फुटांचाच आकडा जुन्या टायरपेक्षा वाईट आला, पुढचं सगळं त्याच्यामागे घसरलं. ड्रॅगला साइडवॉल उंच आणि लवचिक लागते, म्हणजे सुटताना टायर थोडा दबतो, मुडपतो आणि रस्त्याला धरून राहतो. वळणासाठी नेमकं उलटं: साइडवॉल बुटकी आणि ताठ, म्हणजे स्टिअरिंग फिरवलं की गाडी लगेच वळते. एका सेटमध्ये मधला मार्ग निघतो, दोन्हीकडचं अव्वल मिळत नाही.

विक्रेत्याने मागच्या चाकांना 235 घालायचाही आग्रह धरला होता, ड्रॅगस्टरचे (खास ड्रॅग शर्यतीच्या गाड्यांचे) फोटो दाखवून. ड्रॅगस्टर मागच्या चाकांनी पळतो. माझी गाडी पुढची चाकं ओढतात आणि सुटताना भार मागे जाऊन पुढचीच हलकी होतात. मागच्या रुंद टायरने मला फक्त वजन आणि वळणावर बाहेर सरकणारं नाक मिळालं असतं. नको म्हटलं तर हसून म्हणाला, “लूकसाठी म्हणत होतो.”

टायरचं वय दुसऱ्या गॅरेजमध्ये चाक खोलल्यावर कळलं. बाहेरच्या साइडवॉलवर डीओटी कोड, म्हणजे ज्याच्या शेवटी टायर बनल्याची तारीख असते तो, अर्धवट होता. पूर्ण कोड बऱ्याचदा एकाच बाजूला असतो, आणि ती बाजू चारही चाकांना आत वळवलेली. तिथे लंबगोलात चार आकडे: 2316. म्हणजे 2016 चा 23 वा आठवडा. घेताना दाबून बघितलं तेव्हा नख रुतत होतं ते रबर ताजं म्हणून नाही, वरून रसायन फासलं होतं म्हणून. दुकानात आलेल्या तिखट वासाचा उलगडा तेव्हा झाला. ट्रॅकवर थोडं तापल्यावर मऊपणा उडाला आणि खाली चकचकीत, टणक पृष्ठभाग उरला.

‘फोर्ज्ड’ हा शब्द मधल्या टोपीवरच्या स्टिकरपुरता होता. वजनकाट्यावर नुसती रिम ठेवली तर जुन्या 16 इंची अलॉयपेक्षा जड भरली. रिमच्या कडेचं वजन वेग घेताना सुमारे दीडपट भोवतं, कारण ते पुढेही न्यावं लागतं आणि गरगर फिरवावंही लागतं. ऑफसेटही भलताच. ऑफसेट म्हणजे रिम गाडीला टेकते ती जागा तिच्या मध्यापासून किती मि.मी. बाहेर आहे ते; रिमवर ते ‘ईटी’ म्हणून लिहितात, आणि ईटी कमी तेवढं चाक बाहेर. जुनी रिम साडेसहा इंची, ईटी 46. नवी आठ इंची, ईटी 25. रुंदीचे 19 आणि ऑफसेटचे 21 मिळून चाकाची बाहेरची कड 40 मि.मी. बाहेर आली. मागे माणसं बसली की टायर फेंडरला घासायचा, खराब रस्त्यावर स्टिअरिंग हाताला हिसके द्यायचं. तक्रार केली की उत्तर ठरलेलं: “अलाइनमेंट करून घ्या.”

सगळ्यात संताप आला तो भार निर्देशांक, म्हणजे टायर किती वजन पेलू शकतो ते सांगणारा आकडा, पाहून. मूळ टायरवर 91, म्हणजे एका टायरला 615 किलो. यावर 83, म्हणजे 487. माझ्या गाडीच्या पुढच्या एक्सलला मान्य असलेला भार दोन टायरच्या 974 किलोंपेक्षा जास्त आहे. भरलेली गाडी घेऊन हायवेला गेलो असतो तर हा नुसता पैशांचा प्रश्न उरला नसता.

परत घ्या म्हटलं तर म्हणाला, ट्रॅकवर वापरलेत, वॉरंटी गेली. ‘ड्रॅग स्पेशल’ म्हणून विकलेल्या टायरला हे उत्तर! तारखेबद्दल विचारलं तर “न वापरलेला माल म्हणजे नवाच माल.” बिलावर फक्त ‘17 इंच अलॉय सेट, टायरसह’. साइज, निर्देशांक, तारीख, ईटी, कशाचाच पत्ता नाही, त्यामुळे भांडायला कागद हाती नव्हता. तुम्ही घ्याल तेव्हा यातलं प्रत्येक बिलावर लिहून घ्या, रिमचं वजन तुमच्यासमोर करायला लावा आणि टायर चढवण्याआधी दोन्ही बाजू वाचा. लिहून द्यायला जो कुरकुरतो, त्याच्याकडून घेऊ नका.

मी जुन्या 16 इंची रिमवर परत आलो, या वेळी 225/50 आर16 घालून. उंची 631.4 मि.मी., मूळच्या चाकाहून अर्धा मिलिमीटर कमी, साइडवॉल 112.5, निर्देशांक 92 म्हणजे 630 किलो. कुठे घासत नाही, आणि 60 फुटांचा आकडा मूळ टायरपेक्षाही सुधारला. 17 इंची रिम विकायला काढल्या आहेत. जाहिरातीत कास्ट (ओतीव) असल्याचं, वजन आणि ईटी लिहिलंय. टायर मात्र कापून भंगारात दिले, नाहीतर तेच पुन्हा कुणाच्या तरी गाडीला तारीख आत वळवून बसले असते.