पहिली गाडी: सीएनजी की पेट्रोल?

भाच्याला पहिली गाडी घ्यायची आहे. मॉडेल ठरलंय, रंगही ठरलाय (पांढरा, बायकोच्या हुकमावरून), अडलंय ते फक्त सीएनजी की पेट्रोल यावर. फोनवर त्याला जे सांगितलं तेच इथे जरा ऐसपैस लिहितोय. मी दोन्ही चालवल्यात. आधी सहा वर्षं सीएनजी, नंतर पेट्रोल, ती अजून चालू आहे. तेव्हा मी अगदी तटस्थ आहे असं काही समजू नका.

माझी पहिली गाडी सेकंडहँड. 2015 साली ऑफिसातल्या एका सिनिअर साहेबांकडून घेतली, 2011 ची, कंपनी फिटेड सीएनजी. तेव्हा माझी एकच अट होती, किट बाहेरून बसवलेलं नको आणि आरसीवर सीएनजीची नोंद हवी. विक्रोळीच्या कन्नमवार नगरात बिल्डिंगखाली गाडी उभी केली, आईने औक्षण केलं, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. सिद्धिविनायकाला जायचं ठरलं होतं. पण साहेबांनी गाडी देताना टाकी अगदी कोरडी करून दिली होती. त्यामुळे हार घातलेली, कुंकवाचं बोट लावलेली आमची गाडी पहिल्यांदा कुठे गेली असेल तर ती गॅसच्या लाइनीत, दोन रिक्षांच्या मध्ये. तेव्हा हसू आलं होतं.

पैशांचं आधी उरकून टाकू, कारण त्यात सीएनजीशी भांडण्यात अर्थ नाही. मुंबईत पेट्रोल लिटरला शंभराच्या वर, गॅस किलोला ऐंशीच्या घरात. त्यात किलोभर गॅस लिटरभर पेट्रोलपेक्षा जास्त पळतो. माझी जुनी गाडी शहरात किलोला वीसच्या आसपास द्यायची, आताची पेट्रोल गाडी जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवरच्या ट्रॅफिकच्या कृपेने चौदा. म्हणजे किलोमीटरमागे तीन रुपये सहज वाचतात. पण नवी गाडी घेताना सीएनजीला साधारण नव्वद हजार जास्त मोजावे लागतात, ते वसूल व्हायला तीस हजार किलोमीटर हवेत. रोज डोंबिवली ते बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) गाडीने जाणाऱ्याचे ते साधारण दीड वर्षात होतील. आपल्यासारखा माणूस आठवडाभर लोकलने जातो आणि गाडी शनिवार-रविवारी काढतो. महिन्याला चारशे किलोमीटर धरले तर सहा वर्षं लागतील. हा हिशेब मी सेकंडहँड गाडी घेताना केला नव्हता. तेव्हा फक्त ‘गॅसवर स्वस्तात पडते’ एवढंच डोक्यात होतं.

सीएनजीच्या कमी पिकअपबद्दल लोक फार बोलतात. चार माणसं, एसी चालू आणि समोर कसारा घाट, की गाडी कण्हते हे खरं. एसी बंद करायचा, दुसरा गिअर टाकायचा, चढायचं. शहरात मला त्याचा कधी त्रास झाला नाही. विक्रोळी ते अंधेरी पिकअप दाखवायला रस्ता कुठे मोकळा मिळतो?

डिकीचं मात्र दुःख होतं. माझ्या गाडीत सिलिंडरने ती जवळपास गिळून टाकली होती, उरलेल्या फटीत एक छत्री आणि पाण्याच्या दोन बाटल्या. गणपतीला गावी जाताना सामान मागच्या सीटवर, सीटवरची मुलं सामानावर आणि पूजेची पिशवी पेणपासून चिपळूणपर्यंत बायकोच्या मांडीवर. आता हे दुःख बरंच कमी झालंय. टाटांनी 2023 मध्ये एका मोठ्या सिलिंडरऐवजी दोन छोटे सिलिंडर डिकीच्या तळाशी बसवायला सुरुवात केली, वर बॅगा राहतात. सीएनजीच घ्यायची असेल तर तशीच बघा, मी तरी तशीच बघितली असती.

लाइनीचीही सवय होते. कुठल्या पंपावर रात्री साडेअकरानंतर गर्दी ओसरते, कुठे सकाळी ‘प्रेशर नाही’ ही पाटी हमखास लागते, हे पाठ होतं. आठ किलोची टाकी असून प्रेशर कमी म्हणून पाचच किलो भरून परत आलोय, ते चालतं. दर तीन वर्षांनी सिलिंडरची टेस्टिंग करून पाटी लावून घ्यायची, हेही चालतं.

मला नडलं ते उतरणं. गॅस भरताना गाडीतल्या सगळ्यांनी खाली उतरायचं, हा नियम. नियम बरोबरच आहे. दोनशे बारच्या दाबाने गॅस आत जातो आणि तोही सीटच्या मागे, उद्या काही झालं तर आत माणूस नको. पंपावरचा मुलगा बॉनेटवर थाप मारून ‘चला, सगळे खाली’ म्हणतो तेव्हा तो आपलं काम करत असतो. एकट्या माणसाला यात काय मोठंसं? मलाही पहिली चार वर्षं काही वाटलं नाही.

2019 ला आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्यानंतर मंगळवार-शुक्रवार परळला फिजिओथेरपी. तिला गाडीत बसवणं हेच एक काम होतं: आधी पाठमोरी बसायची, मग मी एक पाय उचलून आत, मग दुसरा. वॉकर डिकीत मावायचा नाही, तो मागच्या सीटवर आडवा. जुलैमधल्या एका शुक्रवारी परतताना गॅस संपला. पेट्रोलवर गाडी टाकायला गेलो तर पेट्रोलचा काटाही तळाला, हा माझाच आळस. लाइन लहान होती म्हणून आत शिरलो. नंबर आला, थाप पडली. मी म्हटलं, ‘अरे, आई आहेत, ऑपरेशन झालंय.’ तो बिचारा म्हणाला, ‘काका, कॅमेरा आहे.’ मग सगळं उलट: एक पाय, दुसरा पाय, वॉकर, छत्री. पंपाचं छप्पर उंच, पावसाची झड तिरकी. आई त्या पिवळ्या पट्ट्याच्या पलीकडे वॉकर धरून उभी, साडीचा काठ भिजलेला. चार-पाच मिनिटांत गॅस भरून झाला. परत पाय, वॉकर, छत्री. मागचा टॅक्सीवाला हॉर्न मारत होता. गाडी बाहेर काढल्यावर आई एवढंच म्हणाली, ‘अरे, यापेक्षा बसने गेलो असतो तर एकदाच उतरायला लागलं असतं.’

त्यानंतर रात्री एकटाच जाऊन टाकी भरून आणायचो. पण दोन वर्षांत ध्यानात आलं की घरातलं कुणीही बरोबर असताना गाडीने कुठेही निघायचं तर मी आदल्या रात्रीच गॅसचा विचार करतोय. 2021 ला ती विकली आणि पेट्रोल घेतली.

पेट्रोलचे चटके आहेतच. महिनाअखेरीस बिल बघून पोटात गोळा येतो. ई-20, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आल्यापासून गाडी थोडी जास्त पिते असं मला वाटतं. मोजलेलं नाही, नुसतं वाटतं. आणि रस्त्याने जाताना गॅसचा रिकामा पंप दिसला की अजूनही हात आपोआप इंडिकेटरकडे जातो.

भाच्याला मी सांगितलं ते असं: रोजचं पन्नास किलोमीटर रनिंग असेल आणि गाडीत बहुतेक वेळा तू एकटाच असशील तर खुशाल सीएनजी घे, पैसे वाचव. पण तू कल्याण फास्ट पकडून ऑफिसला जातोस, गाडी घेतोयस ती मुलीला आणि तुझ्या सासऱ्यांना फिरवायला. सासरे सत्तरीचे आहेत. एकदा रात्री साडेनऊला त्यांना घेऊन गॅसच्या लाइनीत उभा राहून बघ, मग बुकिंगचे पैसे भर. तो म्हणाला, ‘मामा, शोरूमवाला तर म्हणतो मुंबईत सगळे सीएनजीच घेतात.’ घेतात, खरं आहे. मीही घेतली होती.

आमची आई आता पुढच्या सीटवर बसते. पंपावर उतरावं लागत नाही म्हणून तिने नवीन काम अंगावर घेतलंय: काच खाली करून मीटरवर शून्य आहे का ते बघायचं. परवा पंपावरच्या मुलाने नळी हातात घेतली तशी ही ओरडली, ‘थांब रे, आधी झिरो दाखव.’