‘परवानगीसह बाथरूम’ : कोटेशनमधली सातवी ओळ

बाथरूम नव्याने करून देणाऱ्या कंपनीचं कोटेशन दोन पानी, गुळगुळीत कागदावर. पहिल्या सहा ओळींत तोडफोड, वॉटरप्रूफिंग, टाइल्स, कमोड, नळ आणि गीझरची वायरिंग. सातव्या ओळीत ‘बीएमसी परमिशन व लायझनिंग – ४५,०००’, म्हणजे महापालिकेची परवानगी आणि तिच्यासाठीची धावपळ. एकूण आकडा २,८५,०००. आमच्या ह्यांनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं, “संडास बदलायला परवानगी लागते?” कंपनीचं पोरगं टॅबलेटवर बोट फिरवत म्हणालं, “काका, आजकाल सगळ्यालाच लागते.”

कंपनीचं नाव लिहीत नाही. कारण मी पुढे जे सांगणार आहे त्यात कौतुकही आहे आणि तक्रारही, आणि तक्रारीच्या बाबतीत ही कंपनी एकटी नाही हे मला नंतर तीन कोटेशनं मागवल्यावर कळलं. तिघांपैकी दोघांकडे ही ओळ होती, फक्त रक्कम वेगळी.

आधी घरची परिस्थिती सांगते. मुंबईचं पूर्वेकडचं उपनगर, १९९१ ची इमारत, तिसरा मजला, वन बीएचके. संडास वेगळा, मोरी वेगळी, मध्ये चार इंची भिंत. संडास भारतीय बैठकीचा. सासूबाई ८१ वर्षांच्या, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. वर्षभर प्लास्टिकची खुर्ची मधून कापून चालवली. ती खुर्ची एका पहाटे सरकली. नशीब, पडल्या नाहीत, पण मीच म्हटलं की आता बास.

कंपनीच्या पोराने मधली भिंत काढून एकच मोठं बाथरूम करायचं सुचवलं. टॅबलेटवर चित्र दाखवलं: काचेचं पार्टिशन, भिंतीत लटकलेला कमोड, कोपऱ्यात हिरवं झाड. आमच्या डक्टकडच्या (पाइपांच्या अरुंद बोळाकडच्या) खिडकीतून दुपारी दीड वाजता जेमतेम उजेड येतो, त्यात ते झाड काय खाणार हे त्याने सांगितलं नाही. भिंत काढायची म्हणून परवानगी, आणि परवानगीसाठी ४५ हजार. मी म्हटलं, पावती मिळेल ना महापालिकेची? “मॅडम, ते सगळं आमचा माणूस बघतो.” कोणत्या कलमाखाली अर्ज करता? “ते टेक्निकल असतं.”

मी बत्तीस वर्षं कॉलेजच्या कार्यालयात काढली आहेत. ‘टेक्निकल असतं’ हे वाक्य मी स्वतः पालकांना हजारदा ऐकवलंय. त्याचा अर्थ मला ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी वॉर्ड ऑफिसात गेले. इमारत व कारखाने खात्यात एक ज्युनिअर इंजिनीअर, तिशीतला, टेबलावर फायलींची चळत आणि त्यावर अर्धा वडापाव. मी कोटेशन पुढे ठेवलं. त्याने सातवी ओळ वाचली, हसला नाही, फक्त विचारलं, “बीमला, कॉलमला हात लावणार? खोलीची मापं बदलणार? जमीन खाली उतरवणार? माळा टाकणार?” मी सगळ्याला नाही म्हटलं, भिंतीपाशी अडखळले. “भिंत पाडायची तर स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून लिहून आणा, आर्किटेक्टचा नकाशा आणा, मग रीतसर बघू. नुसता कमोड नि टाइल्स असतील तर आमच्याकडे कशाला आलात?”

मग त्याने सांगितलं ते मी घरी येऊन वाचून काढलं. मुंबई महानगरपालिकेचा कायदा १८८८ सालचा. त्याच्या कलम ३४२ प्रमाणे इमारतीत फेरफार करायचा तर आधी कळवावं लागतं, पण ‘टेनंटेबल रिपेअर्स’ना त्यातून सूट आहे. या दुरुस्त्या म्हणजे काय, तेही तिथेच दिलंय: गिलावा, रंग, जमिनीच्या टाइल्स बदलणं, संडास-बाथरूमची दुरुस्ती, सांडपाण्याचे पाइप, नळ, सॅनिटरी आणि विजेच्या फिटिंग्ज बदलणं. आणि कशाला सूट नाही, तेही दिलंय. इंजिनीअरने मला विचारलेले प्रश्न जवळजवळ तीच यादी होती. म्हणजे माझ्या कामाचा नव्वद टक्के भाग त्या सुटीत सरळ बसत होता. ४५ हजार त्या उरलेल्या दहा टक्क्यांचे, आणि ते दहा टक्के मला हवेतच असं नव्हतं. ते झाड मला नको होतं, तसं एवढं मोठं बाथरूमही नको होतं.

हे ज्यांना लागू आहे ते मुंबई महापालिकेच्या हद्दीतले. ठाणे, डोंबिवली, पुण्याकडे नियमांचं पुस्तक वेगळं आहे. तिथल्यांनी माझं वाचून हातोडा उचलू नये.

खरी परवानगी लागली ती सोसायटीची. उपविधींप्रमाणे फ्लॅटमध्ये फेरफार करायचा तर कमिटीची लेखी परवानगी घ्यावी लागते, आणि इथे कुणी ‘आमचा माणूस’ चालत नाही, कारण सेक्रेटरी आपल्याच विंगमध्ये राहतो आणि त्याची बायको आपल्याबरोबर भिशीत असते. फॉर्म तीन पानी. कारागिरांच्या आधार कार्डाच्या प्रती, २५,००० डिपॉझिट, कामाची वेळ सकाळी १० ते १ आणि दुपारी ३ ते ६, रविवारी काम बंद, राडारोडा लिफ्टने उतरवायचा नाही. हमीपत्र स्टॅम्प पेपरवर. मी कपाटातून शंभराचा जुना कागद काढून नेला, तर नोटरीने परत दिला: आता पाचशेचाच लागतो. आणि शेवटी एक अट, जिला मी आधी नाक मुरडलं: स्ट्रक्चरल इंजिनीअरचं पत्र.

इमारत तीस वर्षांची झाली की स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावं लागतं, तसं आमच्याकडे झालं होतं. त्याच ऑडिटवाल्या इंजिनीअरला बोलावलं. साडेसात हजार घेतले. या सगळ्या प्रकरणात वसूल झालेले हेच पैसे, म्हणून त्याच्याविषयी जरा सविस्तर लिहिते.

पन्नाशीचा माणूस, खिशात लहान हातोडी. संडासात शिरला, आधी वर बघितलं. वरच्या मजल्याच्या संडासाचा तळ म्हणजे आमचं छत, तिथे एक तपकिरी ओघळ होता जो मी चार वर्षं रंगाचा डाग समजत होते. त्याने हातोडीने टकटक केलं. एका जागी आवाज भरीव, फूटभर पलीकडे पोकळ, रिकाम्या डब्यासारखा. “काकू, हे ऐकलंत? आत सळई गंजून फुगली की काँक्रीट सुटतं. तुमच्या खालच्यांच्या छताला हाच आवाज येत असेल, आणि तो तुमच्यामुळे.” मग आम्ही दोघं खाली गेलो. खालच्या काकूंनी दार उघडून मला असं पाहिलं, जणू हे सगळं चार वर्षांपूर्वीच सांगायचं राहून गेलं होतं. त्यांच्या संडासाच्या छताला खरंच तोच आवाज.

मधल्या भिंतीबद्दल तो म्हणाला, भिंत विटांची आहे, भार घेत नाही, पण तिच्या बुडाशी जुन्या कोब्यात मोरीचा पाइप गाडलेला आहे. पाडलीत तर कागदपत्रं वाढतील आणि गळतीच्या जागाही. भिंत राहू द्या, दार बाहेर उघडणारं करा. म्हातारं माणूस आत पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाने अडतं. हे वाक्य ऐकून मी कोटेशनमधली भिंत तिथल्या तिथे खोडली. लटकता कमोडही खोडला, कारण त्याची टाकी बसवायला भिंत कोरावी लागली असती. पत्रात त्याने पाच ओळी लिहिल्या: ब्रेकर मशीन वापरायचं नाही, छिन्नी-हातोडीनेच फोडायचं, जुना कोबा स्लॅबपर्यंत काढायचा, सळई उघडी दिसली तर आधी त्याला कळवायचं, वॉटरप्रूफिंगनंतर ७२ तास पाणी भरून ठेवायचं, आणि ते बघायला खालच्यांना बोलवायचं.

त्या पत्राची एक प्रत जोडून मी वॉर्डात एक साधं पत्र दिलं, की अमुक दुरुस्ती करत आहोत, माहितीस्तव. आवकच्या खिडकीवर माझ्या प्रतीवर शिक्का मिळाला. खर्च शून्य. कुणी तक्रार केली तर कलम ३५४ अ ची काम थांबवायची नोटीस यायची भीती असते, तेव्हा तो शिक्का हाताशी असावा म्हणून. तो कधी लागला नाही, पण फाइलीत आहे.

आता कंपनीच्या कामाबद्दल. परवानगीची ओळ काढा म्हटल्यावर पोराचा चेहरा उतरला, पण साहेबांना फोन करून त्याने ती काढली. भिंत पाडायचे १८ हजारही गेले. राहिले २,२२,०००. एवढ्या सहज ४५ हजार कमी होतात तेव्हा ते मुळात कशाचे होते, हा प्रश्न मी विचारला नाही. सासूबाई नणंदेकडे डोंबिवलीला गेल्या, आणि आम्ही दोघं अकरा दिवस समोरच्यांच्या संडासात जात होतो. दार उघडंच ठेवू असं त्यांनी सांगितलं होतं. तरी रोज सकाळी बेल वाजवताना मान खाली जायची. त्यांचे उपकार कोणत्याही स्टॅम्प पेपरवर मावणार नाहीत.

गवंडी उत्तम होता, बिहारचा, कमी बोलणारा. भांडं निघालं त्या दिवशी खाली अर्धा टेम्पो विटांचे तुकडे निघाले, काळे, ओले, वासाचे. तेहतीस वर्षांचं पाणी त्यात मुरलं होतं. कोपऱ्यांत त्याने सिमेंटचा गोल वाटा (जमीन नि भिंतीच्या सांध्यातली गोलाई) इतका सुरेख मारला की टाइल्सखाली झाकायला जीव होत नव्हता. मैल्याचा पाइप मात्र बिडाचा, डक्टमध्ये, आणि आमचा पाइप त्याला जिथे मिळतो तिथेच तडा. बाहेरचा पाइप सोसायटीचा, आतला आमचा, मग तोंड कुणाचं? कमिटीत अर्धा तास यावर चर्चा झाली. एकांनी उपविधी वाचला, दुसऱ्यांनी तोच उपविधी उलटा वाचला. शेवटी ९ हजार निम्मे-निम्मे. आणि दुकानातून आलेला कमोड खाली तोंडाचा, एस-ट्रॅपचा. आमच्या पाइपचं तोंड भिंतीत, म्हणजे पी-ट्रॅप हवा. दोन दिवस त्यात गेले. मोजमाप घ्यायला दोनदा आलेल्या कंपनीला हे दिसलं नव्हतं. बदललेल्या कमोडचा फरक आणि आधाराचे दोन दांडे मिळून ८ हजार. शेवटचं बिल २,३४,५००.

पाण्याची चाचणी ही खरी परीक्षा. सुपरवायझर म्हणाला २४ तास पुरे, सगळीकडे तेवढंच करतो. मी पत्र दाखवलं. ट्रॅपच्या तोंडात गोणपाट आणि सिमेंट कोंबून चार इंच पाणी भरलं, भिंतीवर पेन्सिलने रेघ, शेजारी तारीख आणि वेळ. दुसऱ्या सकाळी पाणी रेघेच्या बोटभर खाली! मी तशीच चपला न घालता खाली पळाले. खालच्या काकू हातात टॉर्च घेऊन त्यांच्या छताकडे बघत उभ्या. छत कोरडं. गवंडी दहाला आला, गोणपाटाला बोट लावलं, म्हणाला, “यहीं से जा रहा है।” बूच पुन्हा केलं, रेघ पुन्हा मारली, ७२ तास पुन्हा मोजायला घेतले. सुपरवायझर वैतागला, मी त्याला चहा दिला. चौथ्या दिवशी पाणी रेघेला टेकलेलं होतं. खालच्या काकूंनी पत्राच्या मागे ‘छत कोरडे आहे’ लिहून सही केली आणि पहिल्यांदाच मला आत बसवून कोकम सरबत दिलं.

तारे द्यायचे तर: कारागिरीला साडेचार, मोजमापाला दोन, सातव्या ओळीला भोपळा. इंजिनीअरला पाच. सोसायटीला चार, एक तारा यासाठी कापते की जिन्यावर ओरखडा पडला म्हणून डिपॉझिटमधून दोन हजार कापले. तो ओरखडा वरच्यांच्या फ्रिजचा आहे, मी शपथेवर सांगते.

सासूबाई परत आल्या. दांड्याला धरून बसल्या, उठल्या, बाहेर येऊन म्हणाल्या, “बरं आहे. पण दार बाहेर उघडतं ते आता मशीनला लागतं.” ते खरं आहे. वॉशिंग मशीन सहा इंच सरकवलं, तर त्याचा पाइप नळापर्यंत पुरत नाही. प्लंबर रविवारी येतो म्हणालाय. सोसायटीत रविवारी काम बंद.